सेंद्रिय गोपालन : आहार, व्यवस्था व आरोग्य

रासायनिक खते, कृत्रिम पीडकनाशके व जननिक बदल केलेले बियाणे न वापरता पिकविलेल्या वैरणीवर दुभती जनावरे पोसणे, त्यांना हिंडण्या-फिरण्यास मोकळीक देणे आणि औषधे केवळ रोग झाल्यावर, आवश्यक तेवढीच वापरणे, या पद्धतीस सेंद्रिय गोपालन म्हणतात. या पद्धतीत रोगावरील उपचारापेक्षा रोग होऊ न देण्यावर भर असल्यामुळे आहार आणि व्यवस्था ही दोनच मुख्य साधने पालकाच्या हाती उरतात. ती नीट वापरली, तर जनावर निरोगी राहते. त्यांत हयगय झाली, तर औषधांच्या आधाराने ती झाकून नेता येत नाही. म्हणून नेहमीच्या गोपालनापेक्षा सेंद्रिय गोपालनात अधिक ज्ञान व अधिक दक्षता लागते. औषध व खुराक यांवरील खर्च वाचविण्याचा सोपा मार्ग, अशी त्याची समजूत करून घेणे चुकीचे आहे.

प्रस्तुत नोंदीत या विषयाचा विचार मुख्यतः खानदेशातील, विशेषतः भुसावळ व त्याच्या परिसरातील तापी खोऱ्याच्या परिस्थितीस अनुसरून केला आहे.

इतिहास : सेंद्रिय शेतीच्या विचाराचा एक उगम भारतातच आहे. सर ॲल्बर्ट हॉवर्ड (१८७३–१९४७) हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ पासून बिहारमधील पुसा येथे आणि १९२४ ते १९३१ या काळात खानदेशाला जवळ असलेल्या इंदूर येथे संशोधन करीत होते. शेणखत व काडीकचरा यांपासून कंपोस्ट करण्याची ‘इंदूर पद्धत’ त्यांनी तेथेच सिद्ध केली. सकस जमिनीत वाढलेला चारा खाणारे आपले बैल लाळ-खुरकत झालेल्या शेजारच्या जनावरांच्या निकट संपर्कात येऊनही आजारी पडले नाहीत, असे निरीक्षण त्यांनी नोंदविले आणि जमीन, पीक, जनावर व मनुष्य यांचे आरोग्य एकच आहे, असा सिद्धांत मांडला. इंग्लंडमध्ये १९४६ साली स्थापन झालेल्या सॉइल असोसिएशन या संस्थेने हा विचार पुढे नेला. यूरोपीय समुदायाने सेंद्रिय पशुपालनाचे समान नियम १९९९ साली संमत केले व ते २००० पासून अंमलात आले. भारतात राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या मानकांत पशुधनाचा समावेश नंतर करण्यात आला. सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या अन्नपदार्थांसाठी २०१७ साली अन्न सुरक्षा व मानके यांखालील स्वतंत्र विनियम करण्यात आले.

हॉवर्ड यांच्या निरीक्षणाचा अर्थ मात्र जपून लावला पाहिजे. उत्तम पोषणामुळे जनावराची प्रतिकारशक्ती टिकते व आजारातून ते लवकर सावरते, हे खरे आहे. तथापि विषाणुजन्य साथीपासून केवळ आहाराने संरक्षण मिळत नाही. याचा प्रत्यय खानदेशानेच घेतला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातील त्या वर्षीच्या लंपी त्वचा रोगाच्या साथीची पहिली नोंद जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यातील चिनावल येथे झाली आणि थोड्याच दिवसांत रोग राज्यभर पसरला. देवीच्या विषाणुगटातील विषाणूमुळे होणारा हा रोग चावणाऱ्या माश्या, डास व गोचीड यांच्यामार्फत फैलावतो. सुस्थितीतील गोठ्यांतही तो शिरला. अखेर शेळ्यांच्या देवीची लस मोठ्या प्रमाणावर टोचून, जनावरांचे बाजार व वाहतूक बंद ठेवून तो आटोक्यात आणावा लागला. लसीकरण सेंद्रिय मानकांनुसार निषिद्ध नाही. ज्या रोगाचा प्रादुर्भाव त्या भागात आहे किंवा ज्याची लस कायद्याने आवश्यक आहे, त्या रोगाची लस टोचता येते. लाळ-खुरकत, घटसर्प व फऱ्या यांवरील लसी सेंद्रिय गोठ्यातही वेळेवर टोचणे इष्ट असते.

प्रादेशिक परिस्थिती : तापी व पूर्णा यांच्या गाळाची काळी जमीन, सु. ७०० मिमी. पाऊस आणि अतिशय कडक उन्हाळा ही या प्रदेशाची वैशिष्ट्ये होत. भुसावळ येथे मे महिन्यात तापमान पुष्कळदा ४५° से. च्या वर जाते. कापूस, ज्वारी, केळी, मका, हरभरा व कडधान्ये ही मुख्य पिके होत. खिल्लार जातीचा ‘तापी खिल्लार’ हा पांढरा प्रकार आणि निमाड भागातील तांबूस रंगावर पांढरे ठिपके असलेली निमाडी या येथील परंपरागत जाती प्रामुख्याने शेतकामाच्या असून त्यांचे दूध कमी असते. दुधासाठी गीर, होल्स्टीन फ्रीझियन वा जर्सी रक्ताच्या संकरित गायी आणि म्हशी पाळल्या जातात. देशी जाती उष्णता व गोचिडीजन्य ज्वर यांना अधिक तोंड देतात. संकरित गायींचे दूध अधिक, पण त्यांची गरज व नाजूकपणाही अधिक असतो. सेंद्रिय पद्धतीत मिळणाऱ्या खाद्याचा दर्जा पाहून जातीची निवड करावी लागते. दिवसाला वीस लिटर दूध देण्याची आनुवंशिक क्षमता असलेल्या गायीस निव्वळ कडब्यावर ठेवले, तर ती प्रथम आपल्या शरीरातील चरबी व हाडांतील खनिजे दुधात उतरविते आणि नंतर आजारी पडते.

पचनाची क्रिया : गायीच्या आहाराचे शास्त्र तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्याभोवती, म्हणजे रोमंथिकेभोवती, फिरते. मोठ्या गायीत शंभर लिटरांहून अधिक सामग्री मावणाऱ्या या कप्प्यात असंख्य सूक्ष्मजीव वैरणीतील तंतुमय भागाचे किण्वन करतात. त्यांतून निर्माण होणारी अम्ले गायीस ऊर्जा देतात आणि सूक्ष्मजीवांची शरीरे पुढील आतड्यात पचून प्रथिने पुरवितात. लांब तंतूंची वैरण खाल्ली की, गाय अधिक वेळ रवंथ करते व विपुल लाळ गिळते. लाळेतील क्षारांमुळे रोमंथिकेतील अम्लता मर्यादेत राहते. धान्याचा भरडा एकाएकी वाढविला, तर पिष्टमय पदार्थांचे किण्वन झपाट्याने होऊन अम्लता वाढते. गाय खाणे सोडते, शेण पातळ होते, दुधातील स्निग्धांश घटतो आणि पुढे खुरांना सूज येऊन ती लंगडू लागते. दुधाचा भाव स्निग्धांशावर ठरत असल्याने हे नुकसान पालकास प्रथम दूध संकलन केंद्रावरच जाणवते.

यूरोपीय सेंद्रिय नियमांत रोजच्या आहारातील शुष्क पदार्थांपैकी किमान ६० टक्के भाग वैरणीचा असावा, असे बंधन आहे. दूध सुरू झाल्यावरच्या तीन महिन्यांपर्यंत तो ५० टक्क्यांवर आणण्याची मुभा आहे. हा नियम केवळ तत्त्वासाठी नसून वर सांगितलेल्या पचनक्रियेस धरून आहे.

आहार : सु. ४०० किग्रॅ. वजनाच्या व रोज दहा लिटर दूध देणाऱ्या संकरित गायीस वजनाच्या सु. ३ टक्के, म्हणजे १२ किग्रॅ. शुष्क पदार्थ लागतात. उदाहरणार्थ, २० किग्रॅ. हिरवी वैरण, ५ किग्रॅ. कडबा व ४ किग्रॅ. खुराक दिल्यास ही गरज बहुतांशी भागते आणि वैरणीचे प्रमाणही पुरेसे राहते. हिरव्या वैरणीत मका किंवा संकरित नेपिअर यांसारखे एकदल गवत आणि लसूण घास, चवळी किंवा बरसीम यांसारखी द्विदल वैरण यांचे मिश्रण असावे. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने प्रसृत केलेले फुले जयवंत हे नेपिअरचे व आफ्रिकन टॉल हे मक्याचे वाण या भागात परिचित आहेत. पावसाळ्यातील जादा वैरणीचा मुरघास करून ठेवला, तर मार्च ते जून या टंचाईच्या काळात तो उपयोगी पडतो.

खानदेशात ज्वारीचा कडबा, त्यातही रब्बीतील दादरचा कडबा, ही मुख्य कोरडी वैरण होय. त्यात तंतुमय भाग भरपूर, पण प्रथिने व फॉस्फरस कमी असतात आणि अ जीवनसत्त्व निर्माण करणारे कॅरोटीन जवळजवळ नसते. उन्हाळाभर केवळ कडब्यावर राहिलेल्या गायी वेळेवर माजावर येत नाहीत, उलटतात, कधी अशक्त किंवा आंधळी वासरे जन्मतात. फॉस्फरसच्या कमतरतेने जनावरे माती, चिंध्या व हाडे चघळू लागतात. कडब्याची कुट्टी करून त्यास द्विदल वैरणीची जोड देणे हा यावरील मुख्य उपाय आहे. तूर व हरभरा यांचे कुटार, भुईमुगाचा पाला, तसेच शेवरी, शेवगा व सुबाभूळ यांचा पाला या कामी येतो. मात्र सुबाभळीचे प्रमाण मर्यादित ठेवावे लागते. नेहमीच्या गोपालनात निकृष्ट वैरणीवर युरियाची प्रक्रिया करून तिचा कस वाढवितात. सेंद्रिय मानकांनुसार आहारात युरिया वर्ज्य असल्याने ही वाट बंद असते.

सर्वांत मोठी अडचण प्रथिनयुक्त खुराकाची आहे. सरकीची पेंड, म्हणजे खानदेशातील ढेप, हा येथील दुभत्या जनावरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा खुराक होय. परंतु भारतात २००२ साली बीटी कापसास परवानगी मिळाल्यानंतर जवळजवळ सर्व कापूस त्या प्रकारचा झाला. जननिक बदल केलेल्या पिकाचे खाद्य सेंद्रिय जनावरांस देता येत नाही. म्हणजे कापसाच्या प्रदेशातच सेंद्रिय गायीस बाजारातील ढेप निषिद्ध ठरते. विद्रावकाने तेल काढलेली पेंडही चालत नाही. म्हणून घाण्यावर काढलेली तीळ, भुईमूग, करडई व जवस यांची पेंड, तूर व हरभरा यांची चुणी आणि घरचा मका यांवर खुराक बांधावा लागतो. त्यासाठी लागणारी तेलबिया व कडधान्ये आपल्याच शेतात किंवा गावातील सेंद्रिय गटाच्या शेतांत पिकविली पाहिजेत. ही जुळणी झाल्याशिवाय गायींची संख्या वाढविणे म्हणजे त्यांच्या उपासमारीची तयारी करणे होय.

केळीचे खुंट व पाने ही या भागात विपुल मिळणारी वैरण आहे. खुंटात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते व प्रथिने नगण्य असतात, त्यामुळे ते पोट भरते पण पोषण करीत नाही. कुट्टी करून, कोरड्या वैरणीत मिसळून ते थोडे द्यावे. त्यात पोटॅशियम पुष्कळ असते. विण्यापूर्वीच्या आठवड्यांत पोटॅशियम अधिक खाणाऱ्या गायीत दुग्धज्वराचा संभव वाढतो, म्हणून त्या काळात केळीचे खुंट टाळणे बरे. करपा रोगासाठी कवकनाशके फवारलेल्या बागेतील पाने सेंद्रिय गोठ्यात चालत नाहीत.

विषबाधेचे धोके : पावसाने ताण दिल्यावर खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत, तसेच कापणीनंतर फुटलेल्या धुमाऱ्यांत हायड्रोसायानिक अम्ल तयार करणारे द्रव्य साठते. ती खाल्लेले जनावर धापा टाकते, कोसळते व काही मिनिटांत मरू शकते. फुलोऱ्यावर आलेली किंवा नीट वाळविलेली ज्वारी सुरक्षित असते. विषबाधा झाल्यास सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट यांचे शिरेतून दिलेले अंतःक्षेपण हाच तातडीचा उपाय असून तो करण्यास कोणतेही सेंद्रिय मानक आड येत नाही. ओलसर जागी ठेवलेल्या भुईमुगाच्या पेंडीवर व मक्यावर वाढणाऱ्या कवकामुळे ॲफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण होते. ते यकृतास अपाय करते व त्याचा काही अंश दुधात उतरतो. सेंद्रिय असल्यामुळे खाद्य या धोक्यातून सुटत नाही. ते कोरड्या जागी, जमिनीपासून उंच ठेवणे हाच प्रतिबंध आहे. शहरालगत मोकाट फिरणाऱ्या गायींच्या पोटात प्लॅस्टिकच्या पिशव्या साठतात आणि तारेचे तुकडे हृदयापर्यंत पोहोचतात. ‘मोकळी चरणारी’ म्हणून अशा गायीस सेंद्रिय समजणे हा भ्रम आहे.

पाणी व उन्हाळा : दहा लिटर दूध देणाऱ्या गायीस एरवी रोज सु. ७० ते ९० लि. व उन्हाळ्यात त्याहूनही अधिक पाणी लागते. दिवसातून दोनदा पाणी दाखविण्याची रीत तिला पुरत नाही. सावलीतील टाकीत पाणी सतत उपलब्ध असावे. उष्णतेच्या ताणाने गाय खाणे कमी करते, तोंड उघडे ठेवून श्वास घेते, दूध आटते व गर्भधारणा होत नाही. गोठ्याचे छप्पर उंच व बाजू मोकळ्या ठेवाव्यात. पत्र्यावर पाचट किंवा कडब्याचे आच्छादन घालावे. आसपास कडुनिंबासारखी दाट सावलीची झाडे लावावीत. पहाटे व सायंकाळी चरणे आणि रात्री वैरण देणे हे या प्रदेशास योग्य वेळापत्रक होय.

गोठ्याची व्यवस्था : मोठ्या गायीस सु. ३·५ चौ. मी. छपराखालील व त्याच्या दुप्पट मोकळी जागा असावी. मुक्त संचार गोठ्यात जनावर हवे तेव्हा उठते-बसते, ऊन-सावली निवडते व माजाची लक्षणे स्पष्ट दाखविते. आखूड दाव्याने दिवसभर बांधलेल्या गायीचे खूर वाढतात, गुडघे सोलतात आणि शेणमुताने कास माखते. गोचिडी भिंतींच्या भेगांत अंडी घालतात, म्हणून भेगा बुजवून चुन्याचा हात देणे, शेण दूर खड्ड्यात टाकणे व जनावरांस रोज खरारा करणे हे उपाय, रासायनिक फवाऱ्यास मुभा नसलेल्या गोठ्यात, विशेष महत्त्वाचे ठरतात.

कासदाह : शेतकरी ज्यास ‘दगडी’ म्हणतात तो कासदाह हा सेंद्रिय गोठ्यातील सर्वांत खर्चिक रोग आहे. त्याचा सुप्त प्रकार डोळ्यांस दिसत नाही. दूध घटते व त्यातील पेशींची संख्या वाढते. साध्या रासायनिक चाचणीने गोठ्यातच तो ओळखता येतो. कास धुऊन कोरडी पुसणे, पहिल्या धारा वेगळ्या भांड्यात घेऊन तपासणे, अंगठा मुडपून न पिळता पूर्ण मुठीने दूध काढणे, आजारी गायीचे दूध शेवटी काढणे आणि धारेनंतर सड जंतुनाशक द्रावात बुडविणे ही त्याच्या प्रतिबंधाची साधने होत. धारेनंतर सडाचे तोंड काही वेळ उघडे असते. त्या वेळी गव्हाणीत वैरण टाकली, तर गाय उभी राहते व जंतूंचा शिरकाव टळतो. बहुतेक घरांत ही कामे स्त्रियाच करीत असल्याने प्रशिक्षण त्यांनाच प्रथम मिळणे आवश्यक आहे. कोरफड, हळद व चुना यांचा लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने प्रचारात आणला आहे. सौम्य रोगात तो वापरता येतो. मात्र ताप, कठीण सूज किंवा रक्तमिश्रित दूध दिसताच पशुवैद्यास बोलावण्यास विलंब करू नये.

विण्याचा काळ व वासरू : गायीचे बहुसंख्य चयापचयाचे विकार विण्याच्या आगेमागे होतात. विण्यापूर्वी सु. दोन महिने दूध काढणे थांबवावे. या काळात गाय फार लठ्ठ किंवा फार रोड होऊ देऊ नये आणि शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत तिला खुराकाची हळूहळू सवय लावावी. विल्यानंतर कॅल्शियम एकदम दुधात गेल्याने दुग्धज्वर होतो. नावात ज्वर असला, तरी यात अंग गार पडते व गाय मान वळवून बसून राहते. ऊर्जेच्या तुटीने कीटोनमयता होते. वैरणीवर भर आणि धान्य कमी, अशा सेंद्रिय आहारात सुरुवातीच्या काळात हिचा धोका विशेष असतो. म्हणून याच वेळी सर्वांत कोवळी व सकस वैरण गायीस राखून ठेवावी.

वासरास जन्मानंतर पहिल्या एक-दोन तासांतच चीक पाजला पाहिजे आणि पहिल्या दिवसात वजनाच्या सु. एक दशांश इतका तो पोटात गेला पाहिजे. गायीच्या गर्भाशयातून वासरास रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत, ती चिकातूनच मिळतात. वार पडेपर्यंत वासरास पाजू नये ही रूढी आणि खरवसासाठी पहिलाच चीक काढून घेणे यांमुळे पुष्कळ वासरे दगावतात.

औषधोपचाराची मर्यादा : सेंद्रिय मानकांनुसार प्रतिजैव पदार्थ व हॉर्मोने प्रतिबंधासाठी किंवा दूधवाढीसाठी वापरता येत नाहीत. पान्हा सोडविण्यासाठी ऑक्सिटोसिन टोचणे तर सर्वच गोपालनात गैर आहे. परंतु आजारी जनावरास सेंद्रिय दर्जा जाईल या भीतीने औषध नाकारणे मानकांच्या विरुद्ध आहे. भारतीय व यूरोपीय मानकांनुसार अशा गायीस औषध द्यावे आणि तिचे दूध नेहमीच्या वर्ज्य कालाच्या दुप्पट काळ सेंद्रिय म्हणून विकू नये. अमेरिकेत प्रतिजैव पदार्थ दिलेली गाय सेंद्रिय कळपातून कायमची काढावी लागते. तरीही उपचार रोखून धरण्यास तेथेही मनाई आहे. गायीच्या वेदना ही कोणत्याही प्रमाणपत्राची किंमत होऊ शकत नाही. औषधाच्या निवडीचा परिणाम गोठ्याबाहेरही होतो. डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने उपचार केलेल्या जनावरांचे मृतदेह खाऊन गिधाडे मोठ्या संख्येने नष्ट झाली, म्हणून २००६ साली भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घालण्यात आली.

मूल्यमापन : यूरोपीय देशांत झालेल्या तुलनांवरून असे दिसते की, सेंद्रिय गोठ्यांत दर गायीमागे दूध कमी व औषधांचा वापरही कमी असतो; परंतु प्रत्यक्ष रोगांचे प्रमाण सर्वत्र कमीच असते असे नाही. सेंद्रिय व इतर गोठे यांतील फरकापेक्षा एका सेंद्रिय गोठ्यातून दुसऱ्यातील फरक अधिक मोठा आढळतो आणि तो पालकाच्या देखरेखीवर अवलंबून असतो. खानदेशातील लहान शेतकऱ्याची गाय खते व औषधे परवडत नाहीत म्हणून पुष्कळदा आपोआपच ‘रसायनमुक्त’ असते. पण अर्धपोटी, गोचिडींनी ग्रासलेली गाय सेंद्रिय गोपालनाचे उदाहरण नव्हे. दर गायीची विण्याची तारीख, दूध, आजार, उपचार व लस यांची वही ठेवणे, वैरणीचे वर्षभराचे नियोजन करणे आणि त्यानुसारच गायींची संख्या ठरविणे, या तीन गोष्टींपासून या पद्धतीचा आरंभ होतो.